अतागो, मुक्काम पोस्ट रत्नागिरी

श्रीपती मुळ्ये बोट बांधतायत ही बातमी रत्नागिरीत पसरली, तेव्हा त्या बोटीचे जेमतेम दोन तुकडे एकमेकांना चिकटले होते, आणि तेही चुकीचे.

बोट फूटभर लांबीची होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे भल्याभल्यांना त्याचा विसर पडला. दुसऱ्या महायुद्धातल्या एका जपानी लढाऊ जहाजाची ती प्लास्टिकची प्रतिकृती, मूळ जहाजाच्या सातशेपट लहान, आणि सगळी सुटी. खोक्यात राखाडी चौकटी, आणि चौकटींना लटकलेले तोफा, नांगर, डोलकाठ्या, शिड्या असे बारीक बारीक अवयव. ते कापायचे, घासायचे आणि चिकटवून त्यांचं जहाज करायचं. जपानात म्हणे शाळकरी पोरं हे सुट्टीत करतात. मुळ्ये निवृत्तीला आले होते.

खोका आणला नझीर मुकादमनं. नझीर आणि मुळ्ये शाळेत एका बाकावरचे. नझीर पुढे जहाजावर गेला, खलाशांवरचा सारंग झाला, आणि नोकरीतल्या शेवटच्या खेपेला कोबे बंदरातून मित्रासाठी हा खोका घेऊन आला. आत घडी घातलेला एक मोठा नकाशा होता. सूचना सगळ्या जपानीत, पण रेघा अशा काही स्वच्छ की मुळ्यांनी चष्मा पुसून पुसून पाहिल्या.

"बघ, नकाशा बघ तुला आवडतो म्हणून," नझीर म्हणाला. "आणि मग खोका माळ्यावर टाक. बांधायच्या भानगडीत पडू नको, श्रीपत्या. तुज्याच्यानं व्हायचं नाय."

नझीरच्या मनात काही नव्हतं. चहा पिऊन, बशी उपडी करून तो राजिवड्याला आपल्या घरी निघून गेला. मुळ्यांना मात्र ते वाक्य जेवताना लागलं, झोपताना लागलं, आणि दुसऱ्या दिवशी दाढी करताना तर फारच लागलं.

याचं कारण त्यांची नोकरी. मुळ्ये एका सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन. सारी हयात त्यांनी नकाशे काढले, आणि ते इतके देखणे की साहेब लोक पाहुण्यांना दाखवायला घेऊन जात. सावर्ड्याच्या वरच्या अंगाला एक बंधारा, गुहागरच्या वाटेवर एक साकव, पाण्याच्या टाक्या, विश्रामगृहं. पण बंधाऱ्याची जागा बदलली, साकवाचा निधी परत गेला, टाकीचं भूमिपूजन झालं आणि भूमी तेवढी उरली. मुळ्यांनी कागदावर काढलं आणि ते जमिनीवर उभं राहिलं, असं एकदाही झालं नाही. एस.टी.तून जाताना ते मोकळ्या माळाकडे बोट दाखवून सुनेत्राबाईंना सांगत, "इथे माझा पूल आहे." सुनेत्राबाई मान डोलवीत. खाली नदीही नसे, कारण तिचंही कुठे काही ठरलेलं नव्हतं.

"एक, फक्त एक गोष्ट मला नकाशाबरहुकूम पुरी झालेली बघायचीय," मुळ्यांनी जाहीर केलं.

"मग बेसिनचा गळका नळ नीट बसवा," सुनेत्राबाई म्हणाल्या.

नळ राहिला आणि जेवणाच्या टेबलावर जहाजाची गोदी सुरू झाली. जहाजाचं नाव 'अतागो'. कोब्याच्या बंदरातल्या एका जपानी एजंटाकडून ते घोकून घेऊन नझीरनं मुळ्यांना सांगितलं होतं, आणि मुळ्ये तेच आता मोठ्यानं घोकत होते.

"काय म्हणालात?" सुनेत्राबाईंनी आतून विचारलं.

"अतागो."

"आता काय?"

"अगो, अतागो!"

"अहो, पण आता काय ते सांगाल की नाही? पीठ भिजवू की चहा टाकू? नुसतं आता गो, आता गो काय लावलंयत!"

मुळ्यांनी बाहेरूनच खुलासा केला की हे जहाजाचं नाव आहे. ज्या मुलखात बायकोला हाक मारायची तर शेवटी 'गो' लावतात, तिथे असल्या नावाचं दुसरं काही होणंच शक्य नव्हतं. सुनेत्राबाई मात्र त्या दिवसापासून जरा निवळल्या. टेबल गेलं, जेवण ओट्यापाशी उभ्यानं होऊ लागलं, तरी त्या शेजारणींना सांगत, "नाव कसं माझ्याशी बोलल्यासारखं ठेवलंय." जहाजाला नाव जपान्यांनी ठेवलंय हे त्यांना पटवण्यात अर्थ नव्हता, आणि मुळ्यांनी शहाणपणानं ते केलंही नाही.

शेजारी काशीराम भाटकर हे एस.टी.तून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. एकेकाळी साऱ्या स्टँडला त्यांनी माइकवरून सल्ले दिले होते. आता माइक नव्हता आणि सल्ले शिल्लक होते. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं की तोफा आधी चिकटवा. तोफा चिकटवल्यावर सांगितलं की तोफा नंतर चिकटवायच्या असतात. तिसऱ्या दिवशी चिमट्यातून एक तोफ उडाली. मुळ्ये, सुनेत्राबाई आणि भाटकर तिघांनी गुडघ्यांवर रांगून घर पालथं घातलं. ती सापडली नाही. मग दमलेल्या मंडळींनी पोहे खायला घेतले, आणि भाटकर एकदम चावायचे थांबले.

"वैनी, कढीपत्त्याचं देठ लय कडक हाय हो."

तोफ धुऊन जागेवर बसवली. ती शेवटपर्यंत किंचित वाकडी राहिली, आणि भाटकर येणाऱ्याजाणाऱ्याला "ती माझी" म्हणून दाखवत राहिले.

खरा घोटाळा गोंदानं केला होता, तोही अगदी सुरुवातीला, तोफा चिकटायच्या आधीच. खोक्यात गोंद नव्हता. नकाशावर बाटलीचं चित्र होतं, पण तसली बाटली अख्ख्या बाजारात नव्हती. हार्डवेअरच्या दुकानात झटपट चिकटणारी एक ट्यूब मिळाली. ती खरोखरच झटपट चिकटली. मुळ्यांनी जहाजाचा तळ आणि त्याच्या पोटातली लोखंडी पट्टी जोडायला म्हणून हात घातला, आणि उजव्या हाताची तर्जनी आतच राहिली.

सुनेत्राबाईंनी खिडकीतून भाटकरांना हाक मारली. "अहो, या जरा! ह्यांचं बोट बोटीला चिकटलंय!"

"कशाला कोन चिकटलंय?" भाटकरांनी खालून विचारलं. त्यांचा हा प्रश्न मराठी भाषेला होता आणि तो रास्त होता.

तेल झालं, गरम पाणी झालं, लिंबू झालं. शेवटी रिक्षानं दवाखान्यात जायचं ठरलं. उजव्या हाताच्या टोकाला जपानी आरमार घेऊन रत्नागिरीच्या रस्त्यावर उतरणं मुळ्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी हातावर पंचा गुंडाळला, कोपरापासून टोकापर्यंत. दवाखान्याच्या बाकावर शेजारीच सखू बसली होती. सखू खारवीण, वर्षानुवर्षं त्यांच्या आळीत मासे घेऊन येणारी. एवढा मोठा पंचा पाहून ती सरकून जवळ आली.

"अगे बाय! काय झालां वो भाऊंनू?"

"काही नाही गो," मुळ्ये ओशाळून म्हणाले, "घरी बोटीचं काम काढलंय. त्यात बोट अडकलं."

यात एकही शब्द खोटा नव्हता. पण बोटीचं काम म्हणजे काय हे सखूला चांगलं ठाऊक होतं. तिच्या माहेरी आणि सासरी तेच करत. आणि एवढा हात जायबंदी करणारी बोट लहान नसणार, हेही तिला कळत होतं. डॉक्टरांनी कसल्याशा द्रावणानं मुळ्यांचं बोट सोडवेपर्यंत बातमी मिरकरवाड्याच्या बंदरावर पोचली होती.

दुसऱ्या दिवशी सखू टोपलीत एक सुरमय घेऊन आली आणि तिनं ती मुळ्यांच्या दारात ठेवली. मुळ्यांच्या घरात मासे शिजत नसत हे ती आनंदाच्या भरात विसरली होती.

"वैनी, बोट बांधताय नि आमाला बोललात पन नाय? आमचा दीर धाकू रिकामा हाय. बोट हाकायला तांडेल म्हनून त्यालाच घ्या. दारू सोडलीन त्यानं."

सुनेत्राबाईंनी बोट केवढी ते हातानं दाखवलं. सखू हसली. नजर लागू नये म्हणून मोठ्या घरची माणसं असंच कमी करून सांगतात, हे तिला माहीत होतं. मग जाळीवाला आला, डिझेल इंजिनवाला आला, बर्फवाला आला. खाली उभे राहून भाटकर सगळ्यांना माहिती देत. त्यांना खरं ठाऊक होतं, पण निवृत्तीनंतर प्रथमच लोक त्यांच्याभोवती जमत होते. "लांबी?" कोणी विचारी. "मूळ दोनशे मीटर," भाटकर सांगत. "तोफा धा."

तोफांचं नाव निघाल्यावर प्रकरण ऑफिसात पोचणं भागच होतं. मुळ्यांना मेमो आला. "आपण खात्याची पूर्वपरवानगी न घेता जहाज बांधत असल्याचे समजते. शासकीय कर्मचाऱ्यास खासगी धंदा करता येत नाही. जहाजाचे नाव 'आता गो' असल्याचेही समजते. सदर नाव पत्नीस उद्देशून आहे काय, व असल्यास जहाज पत्नीच्या नावे आहे काय, याचा खुलासा करावा."

मुळ्ये दुखावले. इतकी वर्षं एका मस्टरवर सह्या केलेल्या माणसांनी आपल्याला असं विचारावं? त्यांनी सुवाच्य अक्षरात खुलासा लिहिला, आणि त्यात त्यांच्या सच्चेपणानं त्यांचा घात केला. "सदर जहाज पत्नीचे नसून जपानी आरमाराचे आहे. ते १९४४ सालीच समुद्रात बुडालेले आहे. सबब खासगी धंद्याचा प्रश्न उद्भवत नाही." प्रतिकृती हा शब्द पुढच्या वाक्यात होता, पण सरकारी वाचन तिथवर जात नाही. आठवड्याभरात दुसरा मेमो आला. "बुडालेले जहाज आपण कोणत्या खात्याच्या परवानगीने वर काढले?"

निवृत्तीचे कागद तयार होत होते, आणि या असल्या फायलीसकट ते पुढे सरकणार नव्हते. पेन्शन अडणार हे उघड होतं. सुनेत्राबाईंचा चेहरा उतरला. आता 'आता गो' म्हटलं की त्या दचकत.

उपअभियंता घोसाळकर हे मुळ्यांचे वरिष्ठ, आणि मनानं चांगले. त्यांनी मुळ्यांना केबिनमध्ये बसवून घेतलं, चहा मागवला.

"मुळ्ये, मी नियम शोधून काढलाय. पाण्यावर तरंगणारं कुठलंही साधन म्हणजे नौका. न तरंगणारी वस्तू नौका नाही. आपण स्थळपाहणी लावू. तुमचं ते जहाज पाण्यात सोडायचं. बुडालं, की ती शोभेची वस्तू. फाइल बंद, पेन्शन मोकळं. तरंगलं तर मात्र माझा इलाज नाही हो."

मुळ्ये घरी आले आणि टेबलापाशी बसले. जहाज पुरं होत आलं होतं. पोटातली पट्टी बसली होती, चिमण्या उभ्या होत्या, धा तोफांपैकी नऊ सरळ होत्या. डोलकाठ्यांना त्यांनी सुनेत्राबाईंच्या केसांचे दोर बांधले होते, कारण त्याहून बारीक दोरा घरात नव्हता. नकाशा शेजारी उलगडलेला होता आणि मुळ्यांची नजर नकाशावरून जहाजावर, जहाजावरून नकाशावर जात होती. दोन्ही एकच होतं. असं त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांना एकदम भरून आलं, आणि माणसाला प्लास्टिकसाठी रडू येतं याची त्यांना लाजही वाटली.

"तळाला एक भोक पाडा आणि मोकळे व्हा," भाटकर म्हणाले. "कोन वाकून बघनारे?"

सुनेत्राबाईंनी दाभण आणून दिलं. मुळ्यांनी ते गॅसवर तापवलं. जहाज उलटं धरलं. दाभण तळाशी नेलं. दाभण गार झालं. त्यांनी पुन्हा तापवलं, पुन्हा नेलं, पुन्हा गार झालं. मग भाटकरांनीच ते त्यांच्या हातून काढून घेतलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. पोटात लोखंड हाय ना? आपसूक बुडेल तां." भाटकरांनी दिलेला हा पहिला सल्ला, जो मुळ्यांना ऐकावासा वाटला.

पाहणीच्या दिवशी इमारतीच्या अंगणात लग्नघरासारखी गर्दी झाली. मधोमध सुनेत्राबाईंचं तांब्याचं घंगाळ. घोसाळकर टेप, कागद आणि दोन माणसं घेऊन आले. त्यांनी प्रथम जहाजाची लांबी मोजली, मग गंभीरपणे घंगाळाची. मग अडचण निघाली. जहाज समुद्रातलं आणि पाणी नळाचं, हे कागदावर कसं दिसेल? भाटकर स्कूटरवरून मांडवीला गेले आणि दुधाच्या कॅनमधून समुद्र घेऊन आले. तेवढ्यात नझीर आला. त्याला हा सगळा प्रकार कोणी सांगितलाच नव्हता. तो राजिवड्याहून चहाला आला होता. चहाबरोबर म्हणून त्यानं खारी आणली होती. अंगणात उभा राहून त्यानं एकदा जहाजाकडे पाहिलं, एकदा मुळ्यांकडे.

"हे तू बांधलंस?"

"हो."

नझीरनं खारीची पिशवी शेजारच्याच्या हातात दिली, चपला काढल्या आणि घंगाळापाशी उकिडवा बसला.

मुळ्ये जहाज पाण्यात सोडणार तोच सखू पुढे आली. तिच्या हातात नारळ, हळदकुंकू. "बोट पान्यात जायची नि नारळ नको?" बोट केवढी आहे ते तिनं आज प्रथम पाहिलं. तिचा चेहरा क्षणभर पडला, धाकूच्या नोकरीचं काय झालं ते तिला कळलं. पण बोट ती बोट. सखूनं जहाजाच्या पुढच्या टोकाला, नाळेला, तांदळाच्या दाण्याएवढं कुंकू लावलं, नारळ पायरीवर फोडला, आणि हात जोडून म्हणाली, "सांबाळ गे बाय."

घोसाळकरांनी बरोबर आणलेल्या शिपायाला सांगितलं की नारळाची नोंद घेऊ नका.

मुळ्यांनी जहाज सोडलं. सोडताना त्यांनी मनात म्हटलं, बूड. पेन्शनसाठी बूड, हिच्यासाठी बूड. जहाज डावीकडे कललं. गर्दीतून 'गेलं' असा आवाज आला. घोसाळकरांचा चेहरा उजळला, त्यांनी पेनचं टोपण काढलं. जहाज आणखी कललं, त्या वाकड्या तोफेनं पाण्याला टोक लावलं, आणि मग ते अगदी सावकाश सरळ झालं. थोडं हललं. थांबलं. आणि घंगाळातल्या समुद्रावर, चिमण्या आभाळाकडे करून, ताठ उभं राहिलं.

भाटकरांनी घंगाळाला हळूच गुडघा लावला. लाटा उठल्या. जहाज त्यांच्यावर वर गेलं, खाली आलं, पण बुडायचं नाव नाही.

"तरतंय," नझीर हलकेच म्हणाला. "आईशप्पत, तरतंय रे श्रीपत्या. झक्क तरतंय."

घोसाळकरांनी मुळ्यांना कोपऱ्यात घेतलं. "हे पाहा, मी 'बुडाले' असं लिहितो. इथल्या कोणाला कागद वाचायला मिळणार नाही. खाली तुमची सही तेवढी हवी. कुठं काय बिघडतंय?"

बिघडत काहीच नव्हतं. मुळ्यांनी आजवर साहेबांनी पुढे केलेल्या प्रत्येक कागदावर सही केली होती. न झालेल्या पुलांच्या मोजमापांवर केली होती, नसलेल्या बंधाऱ्यांच्या दुरुस्तीवर केली होती. त्यांनी पेन हातात घेतलं. मग त्यांनी घंगाळाकडे पाहिलं, आणि सुनेत्राबाईंकडे पाहिलं. सुनेत्राबाई पदरानं डोळे पुसत होत्या, आणि हसत होत्या. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"साहेब," मुळ्ये म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता, अंगणभर ऐकू गेला. "बाकी काय सांगाल तिथे सही करतो. पण हे बुडालं नाही. तुम्ही पाहिलंत, मी पाहिलं, सगळ्यांनी पाहिलं. हे मी बांधलंय."

"पेन्शन अडेल, मुळ्ये."

"अडू दे."

घोसाळकरांनी बराच वेळ पेनचं टोपण उघडलं, लावलं. मग त्यांनी लिहिलं, "तरंगले." आणि मुळ्यांनी खाली आपल्या मोत्यांसारख्या अक्षरात सही केली.

पेन्शन अडलं, आणि चांगलंच अडलं. फाइल बंदराच्या खात्याकडे गेली, तिथून मत्स्यव्यवसायाकडे, तिथून परदेशी जहाजाचा प्रश्न असल्यामुळे मुंबईला. बेसिनचा नळ गळत राहिला. निवृत्त झालेले मुळ्ये दर महिन्याला ट्रेझरीत जाऊन इतर अडलेल्यांच्या बाकावर बसू लागले. तिथे प्रत्येकाचं काही ना काही अडलेलं असे आणि वेळ घालवायला सगळे एकमेकांना कारण विचारत. कोणाच्या जन्मतारखेत खाडाखोड होती, कोणाच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं.

एकदा शेजारी बसलेल्या एका निवृत्त मास्तरांनी विचारलं, "आणि तुमचं हो कशानं अडलंय?"

"जहाज बांधलं होतं," मुळ्ये म्हणाले.

मास्तरांनी सहानुभूतीनं मान हलवली. "अरेरे. बुडालं वाटतं?"

"छे हो!" मुळ्ये ताठ बसले. त्यांनी आजूबाजूला बघून घेतलं आणि साऱ्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तरंगलं. तरंगलं म्हणून तर अडलंय!"